तीन मतांनी

शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी लागते, तशी मलाही बऱ्याचदा लागली. लोकसभेची लागली, विधानसभेची लागली, आणि एकदा ग्रामपंचायतीच्या मतमोजणीला बसवलं. बाकीच्या ड्युट्या आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ती मतमोजणी मात्र टेबलासकट आठवते.

मोठा हॉल, ओळीने मांडलेली टेबलं, मध्ये बांबू ठोकून लावलेली जाळी. जाळीपलीकडे उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी, हातात वही-पेन घेऊन उभे. मशीनचं सील त्यांना दाखवायचं, नंबर जुळवायचा, सील तोडायचं, निकालाचं बटण दाबायचं. मशीनवर एकेका उमेदवाराचा आकडा येतो, तो मोठ्याने वाचायचा. लोकसभेला हे काम दिवसभर चालतं. इथे एका प्रभागाचा निकाल चहा गार व्हायच्या आत लागत होता. एका जागेला दोघंच उभे होते. एकाला २१४ मतं पडली, दुसऱ्याला २११.

पडलेला माणूस पन्नाशीचा असेल. जाळीला अगदी लागून उभा होता. म्हणाला, "मॅडम, एकदा परत दाबा ना." मी साहेबांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, मी परत दाबलं. तेच आकडे आले. त्याने ते वहीत आधीच्या आकड्यांखाली पुन्हा लिहिले, खाली रेघ मारली आणि वजाबाकी केली. मग शेजारच्याला म्हणाला, "तीन. कुठली तीन, ते पण माहितीये मला."

आवाजात राग नव्हता. हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तसा तो बोलला.

त्या वाक्याने मला बरीच वर्षं सोडलं नाही. लोकसभेला पडलेला उमेदवार असं म्हणूच शकत नाही. त्याची मतं म्हणजे लाखांचे आकडे, त्यांना चेहरे नसतात. ह्या माणसाच्या तिन्ही मतांना चेहरे होते, त्यांची घरं त्याला ठाऊक होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं कुणीतरी त्याला समोरून येताना दिसणार होतं. जिंकलेल्याचीही तीच गत. ज्या २११ जणांनी त्याला नाकारलं, त्यांच्या दारावरूनच त्याला पाच वर्षं ये-जा करायची होती. लोकशाही म्हणून आपण जे काही शाळेत शिकवतो, ते इतक्या जवळून मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मी तर 'स्थानिक शासन संस्था' हा धडा घाईघाईने संपवणाऱ्यांपैकी होते. परीक्षेला त्यावर मार्क कमी असतात.

त्यानंतर वाचायला लागले. आपल्याकडचं वाचलं, शेजारच्या देशांचं वाचलं, मग जिथलं मिळेल तिथलं. वाचता वाचता एक गोष्ट सारखी समोर यायला लागली आणि ती काही केल्या पचेना. विकसनशील देशांत गावपातळीवरच्या निवडणुका मोठ्या हौसेने कुणी घेतल्या, तर पुष्कळदा लष्करशहांनी. आणि त्या टाळल्या, लांबवल्या, मोडीत काढल्या कुणी, तर पुष्कळदा लोकांनी निवडून दिलेल्या सरकारांनी.

पाकिस्तानचंच घ्या. १९५८ साली जनरल अयूब खान यांनी सत्ता घेतली आणि दुसऱ्याच वर्षी 'बेसिक डेमोक्रसीज' नावाची व्यवस्था आणली. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तान मिळून ८०,००० स्थानिक प्रतिनिधी निवडायचे. देशाची संसद नाही, पक्षांवर बंदी, पण गावात निवडणूक. १९६० मध्ये ह्याच ८०,००० जणांकडून अयूब यांनी आपल्यावरचा विश्वास वदवून घेतला, आणि १९६५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत फातिमा जिना त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हाही मत देण्याचा अधिकार फक्त ह्या प्रतिनिधींनाच होता. फातिमाबाई हरल्या. पुढे जनरल झियांनी तेच केलं, २००१ मध्ये जनरल मुशर्रफ यांनीही तेच केलं. डाव उघड होता. राजकीय पक्षांना वळसा घालायचा, राजधानीतला विरोध वाळवायचा आणि गावोगाव आपल्याला मानणारी माणसं उभी करायची.

पण ह्या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. मुशर्रफ यांच्या व्यवस्थेत स्थानिक मंडळांतल्या ३३ टक्के जागा महिलांसाठी राखीव होत्या आणि त्यातून हजारो बायका पहिल्यांदा अशा बैठकीला जाऊन बसल्या. २००८ साली निवडून आलेली सरकारं आली. त्यांनी ही व्यवस्था संपू दिली आणि पुढची निवडणूक घ्यायचं नाव काढेनात. पंजाब आणि सिंधमध्ये २००५ नंतर स्थानिक निवडणूक झाली ती थेट २०१५ मध्ये, तीही सर्वोच्च न्यायालयाने मागे लागून लागून घ्यायला लावली म्हणून.

बांगलादेशात तर हे आणखी ठळक दिसतं. १९८२ मध्ये जनरल इर्शाद यांनी सत्ता बळकावली आणि जुन्या ठाण्यांचे उपजिल्हे केले. १९८५ मध्ये त्यांची निवडणूक झाली, १९९० मध्ये परत झाली. त्याच वर्षाच्या शेवटी लोकांनी रस्त्यावर उतरून इर्शाद यांना घालवलं. लोकशाही आली. लोकशाही सरकारने १९९१ मध्ये जी कामं केली त्यात निवडून आलेल्या उपजिल्हा परिषदा रद्द करणं हे एक होतं. कारण सांगितलं ते असं, की ही हुकूमशहाची निर्मिती आहे. ते खरंच होतं. पण मग त्यांच्या जागी नवीन काही करायला काय हरकत होती? पुढची उपजिल्हा निवडणूक व्हायला जानेवारी २००९ उजाडलं. मधली सतरा वर्षं तो कारभार सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती होता, आणि ह्या सतरा वर्षांत सत्तेवर येणारे दोन्ही मोठे पक्ष एकमेकांना लोकशाहीचे शत्रू म्हणत होते. २००९ मध्ये परिषदा परत आल्या, तेव्हा कायद्यात एक कलम आलं. स्थानिक खासदार हे परिषदेचे सल्लागार, आणि त्यांचा सल्ला परिषदेने मानायचा.

ते कलम वाचलं तेव्हा मला सगळ्या कोड्याची किल्ली हातात आल्यासारखं झालं.

खासदाराला किंवा आमदाराला गावात भीती कुणाची असते? विरोधी पक्षाची असतेच, पण तो पाच वर्षांतून एकदा भेटतो. खरी अडचण रोजच्या माणसाची. रस्ता कुणी केला, पाणी कुणी आणलं, नाव कुणाच्या यादीत घातलं, हे श्रेय एकदा का निवडून आलेल्या अध्यक्षाकडे गेलं, की खासदाराकडे कशाला कोण जाईल? आणि हाच अध्यक्ष उद्या त्याच्या जागेवर उभा राहणार. हुकूमशहाला ही भीती नसते, कारण त्याची जागा मतांवर अवलंबून नसते. म्हणून तो गावाला निवडणूक सहज देऊन टाकतो. मतांवर निवडून आलेला माणूस मात्र खालच्या मताला बिचकतो. हे कळल्यावर मला बरं वाटलं नाही. लोकशाहीच्या बाजूने उभं राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट लाजिरवाणी वाटायला हवी असं मला वाटतं, आणि फारशी कुणाला ती वाटत नाही ह्याचं दुःख होतं.

आपण तरी वेगळे कुठे आहोत? घटनेच्या ४० व्या कलमात ग्रामपंचायतींचा उल्लेख आहे, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे कोर्टात जाऊन मागता न येणारं. निवडणुका कधी घ्यायच्या ते राज्यांच्या मर्जीवर राहिलं आणि अनेक राज्यांनी ती मर्जी दहा-दहा वर्षं दाखवली नाही. १९८९ मध्ये ६४ वी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत पडली. शेवटी ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यातलं २४३-ई हे कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पंचायतीची मुदत पाच वर्षं, मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक, बरखास्त केली तर सहा महिन्यांत निवडणूक. मर्जीचा प्रश्नच ठेवला नाही. ७४ व्या दुरुस्तीने शहरांना हेच दिलं. इतकं लिहूनही मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, कोर्टातल्या तारखा, सगळी कारणं खरी. पण विधानसभा किंवा लोकसभा इतकी वर्षं प्रशासकाच्या हाती राहिली असती तर आपण गप्प बसलो असतो का?

नेपाळमध्ये १९९७ नंतर सगळ्या देशभर, सगळे मोठे पक्ष उतरलेली स्थानिक निवडणूक झाली २०१७ मध्ये. मधल्या वीस वर्षांत तिथे यादवी झाली, राजेशाही गेली, दोन संविधानसभा निवडून आल्या, नवं संविधान आलं. प्रजासत्ताक होऊन नऊ वर्षं झाली तरी वॉर्डाचा अध्यक्ष मात्र निवडलेला नव्हता. युगांडात गावपातळीच्या परिषदा बंडाच्या काळात जंगलात उभ्या राहिल्या, त्यांचं जगभर कौतुक झालं, आणि मग २००१ नंतर गावाची निवडणूक थेट २०१८ मध्ये झाली. तीही अशी, की आपल्या उमेदवाराच्या मागे रांगेत उभं राहायचं आणि माणसं मोजायची. मतदान गुप्त नाही. कोण कुणाच्या मागे उभं आहे ते सगळ्या गावाला दिसतं. मला माझा तो जाळीजवळचा माणूस आठवला. त्याला निदान अंदाजच होता.

म्हणून आता कुठल्याही देशात लोकशाही आहे की नाही असा विषय निघाला, की माझा पहिला प्रश्न राष्ट्रीय निवडणुकीबद्दल नसतो. तिथे वॉर्डाची निवडणूक शेवटची कधी झाली आणि ती कुणी लांबवली, हे मी आधी शोधते.

हुकूमशहांनी स्वतःच्या सोयीसाठी दिलेल्या ह्या निवडणुका काही वेळा त्यांच्याच हातात राहिल्या नाहीत, हा ह्या वाचनातला मला सर्वांत आवडलेला भाग. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ अशी अडतीस वर्षं लष्करी कायदा होता. चीनच्या मुख्य भूमीवर पूर्वी निवडून आलेले लोकप्रतिनिधी तेच ते, वर्षानुवर्षं खुर्चीत. नवा पक्ष काढायला बंदी. पण जिल्ह्यांच्या आणि गावांच्या निवडणुका १९५० पासून होत होत्या, कारण सत्ताधारी पक्षाला स्थानिक घराणी आपल्या बाजूला बांधून ठेवायची होती आणि जगाला काहीतरी दाखवायचंही होतं. १९७७ मध्ये ताओयुआन जिल्ह्याच्या प्रमुखपदासाठी श्यू शिन-ल्यांग नावाचे गृहस्थ सत्ताधारी पक्षातून बाहेर पडून उभे राहिले. १९ नोव्हेंबरला मतदान. चुंगली गावातल्या एका शाळेत मतदान केंद्र होतं. तिथे एक म्हातारं जोडपं मत द्यायला आलं. केंद्रावरच्या प्रमुखाने मदत करायच्या मिषाने शाईचं बोट लावून त्यांच्या मतपत्रिका बाद केल्या, असं बाहेर उभ्या असलेल्या लोकांना कळलं.

दोन मतपत्रिका. मतपत्रिकेवर पडलेला अंगठ्याएवढा डाग. पण ती दोन माणसं गावातली होती, ते केंद्र गावातलं होतं, तो प्रमुख कोण ते सगळ्यांना माहीत होतं. पोलिसांनी त्या प्रमुखाला ठाण्यात नेऊन सुरक्षित ठेवलं तेव्हा लोक ठाण्याकडे गेले. संध्याकाळपर्यंत हजारो माणसं जमली, गाड्या उलटल्या, ठाणं पेटलं, गोळीबारात तरुण मेले. रात्री निकाल लागला आणि श्यू मोठ्या फरकाने निवडून आले. नऊ वर्षांनी, बंदी असतानाच, विरोधकांनी पक्ष काढला. २००० साली त्या पक्षाचा माणूस देशाचा अध्यक्ष झाला, आणि तो त्याआधी तायपेचा महापौर होता.

जाळपोळीचं मला कौतुक नाही, आणि मेलेल्या मुलांच्या घरच्यांना ह्या इतिहासाचं काय? पण दोन मतांसाठी एवढी माणसं घराबाहेर पडली ह्याचं मोल मला कळतं. गावात मत मोजण्याची सवय लागलेली माणसं होती ती. त्यांना सत्तावीस वर्षं वरवरची का होईना निवडणूक मिळाली होती, आणि ती त्यांनी खरी मानली होती.

दक्षिण कोरियात हेच दुसऱ्या टोकाने घडलं. तिथल्या लष्करी राजवटीने १९६१ मध्ये स्थानिक परिषदा बरखास्त केल्या. १९८७ मध्ये लोकशाही परत आली तरी स्थानिक स्वराज्य येईना, तेव्हा १९९० मध्ये विरोधी पक्षाचे नेते किम दे-जुंग उपोषणाला बसले. तुरुंगवास, अपहरण, फाशीची शिक्षा असं सगळं भोगून आलेला माणूस, आणि उपोषण कशासाठी, तर गावाशहरांच्या निवडणुकीसाठी. त्या निवडणुका १९९१ आणि १९९५ मध्ये टप्प्याटप्प्याने झाल्या.

सगळीकडे असं होतं असं मात्र नाही. चीनच्या क्वांगशी भागात १९८० मध्ये हचाय नावाच्या गावी कम्यून, म्हणजे सामुदायिक शेतीची सरकारी व्यवस्था, मोडकळीला आले होते, चोऱ्या होत होत्या, कुणी कुणाला विचारत नव्हतं. तेव्हा ८५ घरांचे प्रतिनिधी कापराच्या झाडाखाली जमले आणि त्यांनी मतदान करून आपली समिती निवडली. वरून आदेश नव्हता. १९८२ च्या संविधानात अशा समित्यांना जागा मिळाली, पुढे देशभर गावच्या निवडणुका झाल्या. १९९८ च्या शेवटी सछुआनमधल्या बुयुन ह्या ठिकाणी गावाच्या वरच्या पातळीवर थेट निवडणूक घेऊन पाहिली, पण ती पायरी पुढे चढू दिली नाही. कापराच्या झाडाखाली सुरू झालेली गोष्ट गावाच्या वेशीपाशीच थांबली. वर कुठेच मत मोजलं जात नसेल, तर खालचं मत एकटं किती भार उचलणार?

पैशाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नुसती निवडणूक देऊन तिजोरीची किल्ली वरच ठेवली तर निवडून आलेला माणूस अर्ज लिहिणारा होऊन बसतो. बोलिव्हियाने १९९४ मध्ये जो कायदा केला तो ह्या बाबतीत फार मोठ्या मनाचा होता. राष्ट्रीय करांतले २० टक्के नगरपालिकांना, आणि वाटणी डोक्यांप्रमाणे. त्याआधी बहुतेक सगळा पैसा तीन मोठ्या शहरांत जात होता आणि डोंगरातल्या, जंगलातल्या मूळनिवासी वस्त्यांना नगरपालिका म्हणून अस्तित्वच नव्हतं. कायद्याने सगळा देश तीनशेहून अधिक नगरपालिकांत वाटला आणि प्रत्येक ठिकाणी स्थानिक संघटनांमधून एक देखरेख समिती ठेवली. नगरपालिकेने पैसा भलतीकडे वळवला तर तक्रार करून निधी थांबवायला लावण्याचा अधिकार ह्या समितीला दिला. मोठ्या शहरांत पैसा वाहतूक आणि इमारतींवर जायचा, तो ह्या लहान ठिकाणी शाळा, पाणी आणि मलनिःसारणाकडे वळला, असं अभ्यासकांनी नंतर आकडे मांडून दाखवलं. माणसाला काय हवंय हे शेजारच्या माणसाला लवकर कळतं, एवढंच त्याचं कारण असावं.

हा कायदा आणणारे अध्यक्ष होते गोन्सालो सांचेस दे लोसादा, खाणमालक, खासगीकरणाचे पुरस्कर्ते. १९९५ मध्ये नव्या नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या तेव्हा चापारे भागातल्या कोका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेने तिथल्या नगरपालिका जिंकल्या. त्या संघटनेचे पुढारी इव्हो मोरालेस. २००३ मध्ये लोकांच्या उठावापुढे सांचेस दे लोसादा यांना देश सोडावा लागला, आणि २००५ च्या अखेरीस मोरालेस देशाचे पहिले मूळनिवासी अध्यक्ष म्हणून निवडून आले. पेरलं एकाने आणि कापलं दुसऱ्याने. पुढे मोरालेस स्वतः खुर्ची सोडायला तयार नव्हते, हेही इथे लिहायला हवं. पण गावात सत्ता वाटणाऱ्याला तिचं पुढे काय होईल ते ठरवता येत नाही, ह्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

इंडोनेशियात हे चांगल्या आणि वाईट, दोन्ही अंगांनी दिसतं. सुहार्तो गेल्यावर १९९९ मध्ये कायदे झाले आणि १ जानेवारी २००१ पासून शाळा, दवाखाने, रस्ते जिल्ह्यांकडे आले. २००५ पासून जिल्हाप्रमुख आणि महापौर थेट निवडले जाऊ लागले. लगेच सोलो शहरात फर्निचरचा धंदा करणारे जोको विदोदो महापौर झाले. एका बागेत शेकडो फेरीवाल्यांनी ठाण मांडलं होतं. त्यांना हलवायचं तर आधीचे लोक पोलीस घेऊन जायचे. विदोदोंनी फेरीवाल्यांच्या पुढाऱ्यांना घरी जेवायला बोलावलं. एकदा नाही, पन्नासहून अधिक वेळा, आणि सुरुवातीच्या बऱ्याच जेवणांना स्थलांतराचा विषयही काढला नाही. शेवटी फेरीवाले मिरवणुकीने नव्या बाजारात गेले. लष्करातलं किंवा घराण्यातलं कुणी पाठीशी नसलेला हा माणूस २०१४ मध्ये अध्यक्ष झाला. ह्या शिडीचा उपयोग काय ते त्याने दाखवून दिलं.

मग त्याच शिडीचं काय झालं? त्यांचा मुलगा २०२१ मध्ये त्याच सोलोचा महापौर झाला. उपाध्यक्षपदासाठी वयाची अट ४० वर्षांची होती, मुलगा छत्तिशीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की स्थानिक पदावर निवडून आलेल्याला ही अट लागू नाही. न्यायालयाचे प्रमुख विदोदोंचे मेहुणे होते, आणि पुढे नीतिसमितीने त्यांना प्रमुखपदावरून दूर केलं, पण निकाल राहिला आणि मुलगा उपाध्यक्ष झाला. हे वाचताना मला खूप वाईट वाटलं होतं. ज्या शिडीने कुणाचाच नसलेला माणूस वर गेला, तीच शिडी आपल्या घरच्या माणसासाठी वापरली गेली. फिलिपिन्सच्या १९८७ च्या घटनेत राजकीय घराण्यांना मनाई लिहिलेली आहे, फक्त घराणं म्हणजे काय त्याची व्याख्या कायद्याने करायची आहे, आणि तो सर्वंकष कायदा तिथल्या संसदेने दशकानुदशकं केला नाही. तिथले महापौर आणि गव्हर्नर आडनावं वाचूनच ओळखू येतात. आपल्या जिल्हा परिषदांच्या याद्या काढून पाहिल्या तर आपल्यालाही फार दूर जावं लागणार नाही.

गावाच्या जवळपणाबद्दल मी एवढा वेळ कौतुकाने लिहिते आहे, तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ चं बाबासाहेबांचं घटनासमितीतलं भाषण आठवणं मला भाग आहे. घटनेचा पाया गाव असावा असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं की गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा नाही तर काय? ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्याला गावाच्या हाती सत्ता देणं म्हणजे काय वाटत असेल? माझ्या त्या उमेदवाराला तीन मतं कुणाची ते कळलं होतं. मत कुणी दिलं ते गावात कळतं, ही गोष्ट ज्याचं पोट गावातल्या दुसऱ्याच्या शेतावर आहे त्याला कशी वाटेल, हा विचार मी सुरुवातीला केलाच नव्हता.

तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यात पाप्पापट्टी आणि कीरिपट्टी नावाची गावं आहेत. १९९६ मध्ये तिथलं सरपंचपद अनुसूचित जातींसाठी राखीव झालं. गावातल्या प्रबळ जातीला ते मान्य नव्हतं. उघड विरोध करून कायद्याच्या कचाट्यात सापडण्यापेक्षा त्यांनी सोपी वाट काढली. कधी कुणी अर्जच भरायचा नाही. कधी आपल्याच शेतावरच्या एखाद्या दलित माणसाला अर्ज भरायला लावायचा, त्याला निवडून आणायचं आणि लगेच राजीनामा द्यायला लावायचा. पुन्हा पोटनिवडणूक, पुन्हा राजीनामा. निवडणूक आयोगाचे लोक यायचे, पेट्या यायच्या, मतमोजणी व्हायची, निकाल लागायचा, सगळं नियमाप्रमाणे. आणि गावाला सरपंच नाही. दहा वर्षं हे चाललं. त्याच जिल्ह्यातल्या मेलवळवू गावात दलित सरपंच मुरुगेसन यांनी राजीनामा दिला नाही. निवडून आले आणि पदावर राहिले. ३० जून १९९७ रोजी त्यांना आणि त्यांच्या पाच सोबत्यांना दिवसाढवळ्या बस अडवून मारून टाकलं.

मी मतमोजणीच्या टेबलावर बसलेली बाई आहे, म्हणून मला त्या राजीनाम्यांच्या आधीची मतमोजणी डोळ्यांपुढे येते. सील तोडताना, आकडे वाचताना तिथल्या कर्मचाऱ्याला माहीत असणार की ह्याचं काय होणार आहे. तरी तो आकडे मोठ्याने वाचत असणार. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये, प्रशासन खरोखर कामाला लागल्यावर, ह्या गावांत निवडणूक झाली आणि निवडून आलेले दलित सरपंच पदावर बसले. ह्या वेळी लगेच राजीनामे आले नाहीत. गाव एकटं सुधारलं नाही. वरचा कायदा, वरचं सरकार, बाहेरचे कार्यकर्ते, सगळ्यांनी मागे उभं राहावं लागलं. पण कायदा वरून आला तरी खुर्ची गावातच होती, आणि तिच्यावर बसायला गावातलाच माणूस लागत होता.

नेपाळच्या २०१७ च्या निवडणुकीत नियम होता की पक्षाने प्रमुख आणि उपप्रमुख अशा दोन्ही पदांना उमेदवार दिले तर त्यात एक महिला हवी. पक्षांनी जवळजवळ सगळीकडे पुरुषाला प्रमुख केलं आणि बाईला उप. ७५३ पालिकांमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त उपप्रमुख बायका झाल्या. पण संविधानाच्या २१७ व्या कलमाने पालिकेची न्यायिक समिती उपप्रमुखाच्या हाती दिली होती. बांधाचे, पाण्याचे, पोटगीचे, म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळण्याचे तंटे ह्या बायकांपुढे आले. ज्या पदाकडे पुरुषांनी दुय्यम म्हणून पाहिलं, त्या पदाच्या दारात गाव आपलं भांडण घेऊन उभं राहिलं. वाचताना मला फार आनंद झाला होता. २०२२ मध्ये पक्षांनी आघाड्या केल्या, प्रमुखपद एका पक्षाला आणि उपपद दुसऱ्याला वाटलं, म्हणजे एका पक्षाने दोन उमेदवार देण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि नियम न मोडता बायकांची संख्या खाली आली.

आमच्याकडच्या त्या ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांनी संपली, तेव्हा निवडणूक वेळेवर लागली नाही. प्रशासक आले. त्या काळात एकदा त्या पडलेल्या उमेदवाराची आणि माझी रस्त्यात गाठ पडली. मी त्याला ओळखलं नसतं, त्यानेच ओळखलं. "मॅडम, तुम्हीच बटण दाबलं होतं." पाच वर्षांत तो त्या तिन्ही घरी जाऊन आला होता. एका घराशी जुनं काही होतं ते मिटवलं होतं, दुसऱ्या घरातल्या दोन पोरांची नावं मतदार यादीत घालून दिली होती, तिसरं घर अजून नीट बोलत नव्हतं. ह्या वेळी पडलो तरी चालेल, पण उभं राहायचंच आहे, असं म्हणाला.

मग त्याने विचारलं, "निवडणूक कधी लागतीये, काही कळलं का तुम्हाला शाळेत?"

मला काही कळलेलं नव्हतं.